प्रबंधापासून साईटपर्यंत: संशोधन रचनाकाराच्या टेबलावर कसे पोहोचवावे

आठवड्यातले चार दिवस मी लातुरात घरांचे आणि शाळाखोल्यांचे नकाशे करतो आणि दोन दिवस शिकवतो, त्यामुळे प्रबंध लिहिणारे आणि नकाशे काढणारे अशी दोन्ही घरे माझ्या येण्याजाण्यातली आहेत. काही वर्षांपूर्वी दगडी भिंतींवर संशोधन केलेल्या एका मित्राने आपल्या प्रबंधाचा चाळीस पानांचा सारांश मोठ्या कष्टाने तयार केला आणि आम्ही दोघे तो औसा रस्त्यावरच्या एका अनुभवी आर्किटेक्टकडे घेऊन गेलो. त्यांनी तो खरोखर वाचला. आठवड्याने आम्हाला बोलावून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, सगळं पटलं. पण उद्या सकाळी गवंड्याला मी नेमकं काय सांगू?" आमच्या चाळीस पानांत त्याचे उत्तर होते, पण ते सहा ठिकाणी विखुरलेले होते आणि त्यातले दोन आकडे परिशिष्टात होते.

त्या प्रश्नापासून आम्ही जी पद्धत बसवत गेलो ती येथे क्रमाने मांडली आहे. पीएच.डी.चे विद्यार्थी, महाविद्यालयांतले शिक्षक आणि ज्या कार्यालयात एखादा नवखा सहकारी आठवड्यातून काही तास वाचनाला देऊ शकतो अशी कार्यालये, या सर्वांना ती वापरता येईल. शेवटी हाती काय यावे, हे आधी ठरवून ठेवावे: एका कागदाच्या दोन बाजू, म्हणजे आम्ही ज्याला कामाचे पान म्हणतो ते. उदाहरणे घरबांधणीची आहेत, कारण मला तेवढेच नीट कळते. पण अवजारे, फर्निचर, पैठणीचे नवे नमुने किंवा मोबाइलवरची ॲप करणाऱ्यांनाही क्रम हाच लागू पडतो.

पहिली पायरी: निष्कर्ष बाजूला ठेवून निर्णय शोधणे

संशोधक साहजिकच "मला काय सापडले" येथून सुरुवात करतो. रचनाकाराच्या डोक्यात मात्र त्या वेळी एखादा निर्णय अडलेला असतो: भिंत किती जाडीची धरायची, खिडकी कोणत्या बाजूला काढायची, अंदाजपत्रकात कोणता दर टाकायचा. म्हणून एखाद्या कार्यालयात सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसते बसावे आणि तेथे कोणते निर्णय, कोणाकडून, कोणत्या कागदावर आणि किती वेळात होतात ते टिपावे. मी असे बसलो तेव्हा लक्षात आले की भिंतीची जाडी पहिल्या कच्च्या रेखाटनातच, मालक समोर बसलेला असताना, पाच-दहा मिनिटांत ठरते आणि पुढे सहसा बदलत नाही. सविस्तर ड्रॉइंगच्या टप्प्यावर पोहोचलेले संशोधन कितीही चांगले असले तरी या निर्णयापुरते ते उशिरा आलेले असते.

टिपलेल्या निर्णयांतून एकच निवडावा आणि तो प्रश्नाच्या रूपात पानाच्या डोक्यावर लिहावा. आमच्या पानावरचा प्रश्न असा होता: "एक मजली घराची नवी भिंत दगडात बांधायची असेल, तर ती भूकंपात उभी राहावी यासाठी काय करावे लागेल?" दुसरा प्रश्न शिरला की दुसरे पान काढावे.

दुसरी पायरी: मजकूर मिळवणे

हे काम वाटते तेवढे अवघड नाही. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात मोफत वाचता येतात. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवते. भारतीय मानक ब्यूरोची मानके ब्यूरोच्या पोर्टलवर नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात आणि हे अजूनही अनेक कार्यालयांना माहीत नाही. २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेखाली सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली, मात्र खाजगी व्यवसाय करणारा रचनाकार त्या दाराबाहेरच राहतो. जवळच्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथपालाशी ओळख ठेवणे हा त्यावरचा आपल्याकडचा उपाय. तेही जमले नाही तर लेखकालाच चार ओळींचा ईमेल पाठवावा. आपला लेख कोणीतरी वाचू इच्छितो याचा बहुतेक संशोधकांना आनंद होतो आणि ते प्रत पाठवतात.

तिसरी पायरी: निष्कर्षाची हद्द आखणे

या पायरीवर घाई केली तर पुढचे सगळे काम वाया जाते. प्रबंध किंवा लेख वाचताना गोषवाऱ्यानंतर थेट पद्धतीचे प्रकरण उघडावे आणि चार गोष्टी कागदावर उतरवाव्यात: प्रयोग कशावर झाला, कोठे झाला, कोणत्या मर्यादेत झाला आणि तुलना कशाशी केली.

उष्णतेचे उदाहरण घेऊ. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधनातून 'आयमॅक' नावाचे भारतीय सुखोष्णतेचे प्रारूप २०१४ मध्ये पुढे आले आणि त्याचा समावेश पुढे २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत झाला. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीसाठी त्याचे सूत्र सोपे आहे: बाहेरच्या हवेच्या मागील तीस दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणावे आणि त्यात १२.८३ मिळवावेत. बाहेरची सरासरी ३० अंश असेल तर उत्तर सुमारे २९ अंश येते आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे २.३८ अंशांपर्यंत, म्हणजे साधारण २६.७ ते ३१.४ या पट्ट्यात, नव्वद टक्के लोकांना आत बसणे सुसह्य वाटेल असे ते सांगते. विद्यार्थ्यांना हे फार आवडते, कारण हाती एक आकडा येतो.

आता हद्द पाहा. हे प्रारूप कार्यालयांत काम करणाऱ्या लोकांच्या उत्तरांवर उभे आहे आणि नैसर्गिक वायुवीजनासाठी बाहेरची सरासरी १२.५ ते ३१ अंश असेपर्यंतच ते लागू आहे. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात रात्रंदिवसाची सरासरी ३१ च्या वर असते, म्हणजे ज्या महिन्यात आपल्याला आकड्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच महिन्यात हे सूत्र हात वर करते. शिवाय कार्यालयात खुर्चीवर बसलेला माणूस आणि दुपारी फरशीवर ओला पंचा टाकून आडवा झालेला माणूस यांची उष्णता सहन करण्याची रीत एक नाही. म्हणून आमच्या पानावर हे सूत्र जून ते मार्चपुरते दिले आहे, शेजारी "घरासाठी अंदाज म्हणून वापरा, उन्हाळ्यासाठी वापरू नका" असे ठळक लिहिले आहे आणि जून कोरडा गेला तर सरासरी पुन्हा तपासा अशी टीपही आहे. असे लिहिल्याने पानाची पत कमी होईल अशी भीती मित्राला वाटत होती. प्रत्यक्षात त्या एका ओळीमुळेच पानावर विश्वास बसल्याचे दोघा-तिघांनी सांगितले.

निष्कर्ष किती पक्का आहे हे दाखवण्याची एक जुनी आणि चांगली युक्ती ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७७ च्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या ग्रंथात आहे. त्यातल्या प्रत्येक नमुन्याच्या नावापुढे लेखकांनी आपला विश्वास फुल्यांनी दाखवला: दोन फुल्या म्हणजे बहुतांशी पक्के, एक म्हणजे बरेचसे जमले पण सुधारणेला जागा आहे, आणि फुली नसेल तर हा अनेक उपायांपैकी एक उपाय. आम्ही हीच रीत उचलली. प्रत्येक वाक्याला फुल्या देताना संशोधक मित्राशी जेवढे वाद झाले तेवढे बाकी कशावरही झाले नाहीत, आणि ते व्हायलाच हवे होते.

चौथी पायरी: रचनाकाराच्या मापात उतरवणे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, ती मुख्यतः स्वतःच्याच घराच्या भिंती आणि माळवद अंगावर येऊन. त्यानंतर आपल्या भागात दगडाची धास्ती बसली, ती आजही आहे, आणि ऐपत नसलेला माणूसही "दगड नको, सिमेंटचंच करा" म्हणतो. अभ्यासकांनी पडलेल्या भिंतींतून जे दाखवले ते अधिक नेमके होते. त्या भिंती दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड होत्या, पण ती एक भिंत नव्हती: बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये माती व कपच्यांची भरती. दोन्ही थरांना बांधणारा दगड नसल्याने हादऱ्यात ते पोट फुटल्यासारखे अलग झाले आणि वरचे मातीचे जड छत खाली बसले.

प्रबंधाच्या भाषेत यावर भिंतीच्या प्रतलाबाहेरील वर्तनाचे, थरांच्या विलगीकरणाचे प्रकरण होते. ते मापात उतरवायला आम्ही 'आयएस १३८२८' हे १९९३ चे मानक घेतले. त्यातून निघालेल्या गोष्टी अशा: भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, भिंतीच्या पूर्ण जाडीइतक्या लांबीचे आरपार दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतराने हवेत. भिंतीला काटकोनात येऊन आधार देणाऱ्या दोन आडव्या भिंतींमधले अंतर ५ मीटरपर्यंत आणि मजल्याची उंची ३ मीटरपर्यंत ठेवावी. याच्या जोडीला जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि गरजेप्रमाणे छताखाली काँक्रीटचे सलग पट्टे येतात, पण त्यांचे पान वेगळे काढले.

एवढ्यावर काम झाले असे संशोधकाला वाटते, पण गवंडी फुटात मोजतो. म्हणून आम्ही लिहिले: "उभे दोन, आडवे चार, दीड फुटाची भिंत पार." ओळ तोंडात बसली. मात्र मापे गोल करताना ती कोणत्या बाजूला गोल होतात हे तपासणे भाग आहे. चार फूट आणि दोन फूट या दोन्ही मापांत रूपांतर केल्यावर मूळ मर्यादा सुमारे एक-दोन सेंटिमीटरने ओलांडली जाते, तर दीड फूटही ४५० च्या किंचित पुढे जाते. दगडकामात एवढ्याने बिघडत नाही, तरीही ओळीखाली "मापे याच्या आत, बाहेर नाही" असे छापले.

नंतर संख्या काढून दिली, कारण मोजता येते ते तपासताही येते. ४.८ मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंत घ्या. उंचीत ०.६, १.२, १.८ आणि २.४ मीटरवर असे चार थर येतात आणि प्रत्येक थरात १.२ मीटरच्या अंतराने चार दगड बसतात. म्हणजे एका भिंतीला सोळा आरपार दगड. "पुरेसे आरपार दगड वापरावेत" असे लिहिले असते तर कोणी भांडले नसते आणि कोणी वापरलेही नसते. "सोळा" लिहिले की खदानीवाल्याकडे मागणी सोळाची जाते आणि अंदाजपत्रकात त्यांची वेगळी ओळ येते.

पहिला आक्षेपही अंदाजपत्रकातूनच आला: दीड फूट लांबीचे दगड सगळीकडे मिळत नाहीत आणि ते उचलायला दोन माणसे लागतात. सुदैवाने मानकातच वाट आहे. पूर्ण लांबीचा दगड न मिळाल्यास भिंतीच्या जाडीच्या पाऊणपट, म्हणजे साधारण ३४० मिलिमीटर लांबीचे दोन दगड, एक आतून आणि एक बाहेरून, मध्ये एकमेकांना ओलांडतील असे शेजारी बसवता येतात. हा पर्याय पानाच्या मुख्य बाजूवर आणला, कारण साईटवर दगड मिळाला नाही की लोक पर्याय शोधत नाहीत, नियमच सोडून देतात.

दोन संशोधने एकमेकांशी भांडतात तेव्हा

मार्गदर्शक लेखांत या विषयावर सहसा एक ओळही नसते, म्हणून येथे थोडे थांबतो. भूकंपाचा अभ्यासक म्हणतो की भिंत दीड फुटावर आणा. उष्णतेचा अभ्यासक म्हणतो की जुन्या वाड्यांच्या अडीच फुटी भिंती दुपारची आग उशिरा आत येऊ देत होत्या, त्या जपा. दोघे वेगळ्या विभागांत बसतात, वेगळ्या परिषदांना जातात, आणि त्यांचे भांडण पहिल्यांदा उघड होते ते एखाद्या नकाशाकाराच्या टेबलावर, जिथे एकच भिंत काढायची असते.

म्हणून प्रत्येक पानावर एक चौकट ठेवावी: "हे केल्याने दुसरे काय बिघडते?" आमच्या भिंतीच्या पानावर त्या चौकटीत लिहिले आहे की जाडी कमी केल्याने खोली लवकर तापेल आणि त्याची भरपाई छतावर करावी. एक मजली घरात उन्हाचा मोठा मारा छतावरच असतो. त्यामुळे पांढऱ्या चुन्याचा हात किंवा छतावर सावलीची दुसरी पातळ छपरी यांवर खर्च केलेला पैसा भिंत जाड करण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि पश्चिमेच्या भिंतीला ओटी किंवा झाड लावले तर आणखी. जुन्या माळवदावर पांढऱ्या मातीचा थर दरवर्षी वाढवत नेण्याची रीत होती. त्याने गळती थांबे आणि घर थंडही राही, पण डोक्यावरचे वजनही दरसाल वाढत जाई. तीच रीत नव्या घरात आंधळेपणाने आणू नये, ही सूचनाही त्याच चौकटीत गेली.

पाचवी पायरी: शब्द

थोडक्यात सांगतो. परिभाषा कोश उघडण्याआधी तीन गवंडी, एक मिस्त्री आणि एक ड्राफ्ट्समन यांना वस्तू दाखवून "याला काय म्हणता?" असे विचारावे. जोते, गिलावा, सेक्शन, लिंटेल, सळई हे शब्द जसे बोलले जातात तसेच ठेवावेत. "बंधपाषाण" हा शब्द माझ्या मित्राला प्रिय होता. साईटवर तो कोणालाही कळला नाही, "आरपार दगड" सगळ्यांना कळला. एका वस्तूसाठी पूर्ण पानावर एकच शब्द वापरावा, कारण शब्द बदलला की गवंडी वस्तूही वेगळी समजतो.

सहावी पायरी: पान मांडणे

पुढच्या बाजूला निर्णयाचा प्रश्न, एका वाक्यात उत्तर, एक मोठे चित्र आणि चार-पाच मापे, एवढेच. मागच्या बाजूला कारण, हद्द, फुल्या, "दुसरे काय बिघडते" ही चौकट आणि मूळ संशोधनाचे नाव व वर्ष. संशोधकाचे श्रेय मागच्या बाजूला असले तरी ते स्पष्ट असावे.

दोन पानांत किती मावते याचा उत्तम नमुना आपल्याच देशात आहे. आयआयटी कानपूर आणि बीएमटीपीसी (बांधकाम साहित्य व तंत्रज्ञानाच्या प्रसारासाठीची केंद्र सरकारची परिषद) यांनी २००२ पासून काढलेल्या 'अर्थक्वेक टिप्स' या मालिकेत प्रा. सी. व्ही. आर. मूर्ती यांनी भूकंप अभियांत्रिकीचा एकेक प्रश्न दोन-दोन पानांत चित्रांसह सांगितला. सोळावी टीप नेमकी दगडी घरांवर आहे. पान करायला बसण्याआधी ती समोर ठेवावी आणि किती गोष्टी गाळल्या आहेत त्या मोजाव्यात.

सातवी पायरी: गप्प बसून चाचणी

पान पाच जणांना द्यावे, सोबत एक काम द्यावे ("या खोलीच्या भिंतीचा सेक्शन काढा") आणि स्वतः तोंड बंद ठेवावे. समजावून सांगण्याचा मोह शिक्षकाला फार होतो, पण समजावून सांगितलेल्या पानाची चाचणी होत नाही. कोठे बोट थांबते, कोणता आकडा पुन्हा शोधला जातो आणि काय विचारले जाते, तेवढे टिपावे. पान "आवडले का" हे विचारू नये. आपल्याकडे पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही.

आमचे पहिले पान याच पायरीवर पडले. चित्रात भिंत समोरून दाखवली होती आणि समोरून पाहिले तर आरपार दगड इतर दगडांसारखाच दिसतो. पाचपैकी तिघांनी नुसते मोठ्या तोंडाचे दगड काढले. चित्र बदलून भिंत आडवी कापून दाखवली तेव्हा चूक थांबली. दुसरी गोष्ट एका वयस्क मिस्त्रींनी सुचवली: "दोन्ही अंगानं चुन्याचा ठिपका मारा. आतला ठिपका आणि बाहेरचा ठिपका समोरासमोर आला नाही, तर दगड आरपार नाही." गिलाव्याआधी देखरेख करणाऱ्याला दहा मिनिटांत सोळा दगड मोजता येतील अशी ही युक्ती आमच्या वाचनात कोठेही आलेली नव्हती. ती आता पानावर आहे आणि मित्राच्या पुढच्या लेखातही जाणार आहे. मात्र पाऊणपट दगडांच्या जोडीला ती चालत नाही, कारण तिथे ठिपके समोरासमोर येत नाहीत. अशा जोड्यांना दोन ठिपके मारावेत असे त्यांनीच नंतर कळवले.

आठवी पायरी: पोहोचवणे आणि ताजे ठेवणे

मोठी फाइल कोणी उघडत नाही. व्हॉट्सॲपवर मोबाइलच्या पडद्यावर न वाढवता वाचता येईल अशी एक प्रतिमा, छपाईसाठी एक पीडीएफ आणि साईटसाठी प्लास्टिकचे आवरण घातलेल्या काही प्रती, एवढे पुरते. तालुक्याच्या सिमेंट-सळईच्या दुकानात प्रती ठेवल्या तर त्या आर्किटेक्टच्या कार्यालयापेक्षा जास्त वाचल्या जातात, हा माझा अनुभव.

प्रत्येक प्रतीवर तारीख आणि आवृत्ती छापावी. १९९३ च्या आधीच्या भूकंपक्षेत्र नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. जुना नकाशा भिंतीवर लावून बसलेले कार्यालय अज्ञानाने नव्हे, जुन्या कागदाने चुकते. म्हणून आमच्या पानाच्या तळाशी एक ओळ असते: "ही आवृत्ती पुढील वर्षीच्या डिसेंबरपर्यंतच वापरावी, त्यानंतर नवी मागून घ्यावी." शेजारी एक फोन क्रमांक असतो आणि तो उचलण्याची पाळी आम्ही दोघांनी महिन्याआड वाटून घेतली आहे. आलेला प्रत्येक प्रश्न एका वहीत उतरतो आणि दर दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन बसून पुढचे पान कोणत्या प्रश्नाचे करायचे ते ठरते. सध्या त्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न काळ्या मातीतल्या पायाचा आहे.